क्षमा (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मात क्षमा म्हणजे आपल्याला दुखावणाऱ्या व्यक्तीविरुद्धचा सूडाचा हक्क स्वेच्छेने सोडून देणे आणि तिचे भले व्हावे अशी इच्छा धरणे. देवाने माणसाला विनामूल्य क्षमा केली आहे, म्हणून माणसानेही माणसाला क्षमा करावी, हा या शिकवणीचा पाया आहे. प्रभूच्या प्रार्थनेत या दोन्ही क्षमांचा उल्लेख एकाच वाक्यात येतो. त्यामुळे क्षमा हा केवळ साधुसंतांसाठी राखलेला ऐच्छिक सद्गुण नसून प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य मानला जातो.

क्षमा म्हणजे झालेला अन्याय नाकारणे, विसरणे अथवा निमूटपणे सोसत राहणे नव्हे. क्षमा, समेट आणि न्याय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे बहुतेक ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात, या शिकवणीची बोलकी उदाहरणे आढळतात.

शब्द आणि अर्थ

मराठीतील 'क्षमा' हा शब्द संस्कृतमधील 'क्षम्' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सहन करणे, सोसणे असा आहे. संस्कृतात पृथ्वीलाही 'क्षमा' असे नाव आहे. नांगराचे घाव आणि माणसाचा भार ती तक्रार न करता सोसते, ही त्यामागील कल्पना.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दांची छटा काहीशी निराळी आहे. सर्वाधिक वेळा येणारे 'अफिएमी' हे क्रियापद सोडून देणे, मोकळे करणे, जाऊ देणे अशा अर्थाचे असून ते कर्जमाफीसाठीही वापरले जाई. 'खारिझोमाय' हे दुसरे क्रियापद कृपा किंवा देणगी या अर्थाच्या शब्दाशी संबंधित आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत ऋण आणि ऋणी यांचे रूपक आहे, तर लूककृत शुभवर्तमानात त्या जागी पापांचा उल्लेख येतो.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. ऋण माफ करण्यासाठी आधी ऋण आहे हे मान्य करावे लागते. कर्ज झालेच नाही असे म्हणणारा सावकार काहीच माफ करीत नाही. त्याचप्रमाणे 'मला काही वाटलेच नाही' असे म्हणणारी व्यक्ती क्षमा करीत नसते, ती दुःख झाकत असते. मराठी शब्दातील 'सोसणे' आणि ग्रीक शब्दातील 'सोडणे' यांतील अंतर लक्षात न घेतल्यास क्षमेचा उपदेश हा सोसत राहण्याचा उपदेश वाटू शकतो.

बायबलमधील शिकवण

जुना करार

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा हे दुखावलेल्या माणसाने केलेल्या क्षमेचे बायबलमधील सविस्तर उदाहरण आहे. भावांनी मत्सरापोटी योसेफाला व्यापाऱ्यांना विकले. पुढे तो मिसर देशात उच्च अधिकारपदी पोहोचला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यासमोर आले. योसेफाने सूड घेतला नाही, पण लगेच ओळखही दिली नाही. त्याने त्यांची पारख केली. धाकट्या बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम होण्याची तयारी यहूदाने दाखविली, तेव्हा भावांचे मन पालटल्याचे त्याला दिसले आणि मग त्याने स्वतःला प्रकट केले. या कथेत तो वारंवार रडतो. भावांचा हेतू वाईट होता, हे तो शेवटीही स्पष्ट शब्दांत सांगतो. मात्र देवाने त्यातून अनेकांचे प्राण वाचविले, असे त्याचे म्हणणे आहे.

स्तोत्रसंहितेत विलापाची अनेक स्तोत्रे आहेत. शत्रूंनी आणि जवळच्या मित्रांनी केलेल्या विश्वासघाताबद्दलचा संताप त्यांत उघडपणे देवापुढे मांडला आहे. दुःख आणि राग यांना प्रार्थनेत स्थान आहे, याचे प्रमाण म्हणून या स्तोत्रांकडे पाहिले जाते.

येशूची शिकवण

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ५ ते ७) येशूने डोळ्याबद्दल डोळा या जुन्या नियमाच्या पुढे जाऊन शत्रूवर प्रेम करण्यास आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, ही आज्ञा याच प्रवचनातील आहे. तिचा अर्थ शरणागती असा नेहमीच लावला जात नाही. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर ते हाताच्या पाठीने मारावे लागते. हा प्रहार वरिष्ठाने कनिष्ठाचा अपमान करण्यासाठी केलेला असतो. दुसरा गाल पुढे करणारी व्यक्ती अपमान स्वीकारत नाही आणि उलट प्रहारही करीत नाही, असे विवेचन अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉल्टर विंक यांनी केले आहे. योहानकृत शुभवर्तमानातील एका प्रसंगाचा दाखलाही या संदर्भात देतात. चौकशीच्या वेळी एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर का मारतोस, असा प्रश्न येशूने त्याला विचारला.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात या विषयावरील दोन महत्त्वाचे उतारे एकामागोमाग येतात. पहिल्यात दुखावलेल्या व्यक्तीने काय करावे याचा क्रम आहे. आधी अपराध करणाऱ्याशी एकांतात बोलावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार सोबत न्यावेत. तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे. दुसऱ्या उताऱ्यात, भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असा प्रश्न पेत्र विचारतो. येशू त्याला कितीतरी पट मोठी संख्या सांगतो, म्हणजेच मोजदाद सोडून देण्यास सांगतो.

त्यापाठोपाठ निर्दय चाकराचा दाखला येतो. एका राजाने चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. बाहेर पडताच त्या चाकराने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. या हिशेबाने माफ झालेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, म्हणजे सोबत्याच्या कर्जाच्या सहा लाख पट होते. तरीही शंभर दिवसांची मजुरी ही गरीब माणसाला क्षुल्लक रक्कम नव्हती. माणसाने माणसाला केलेली इजा खरी असते, हे दाखला नाकारत नाही. ती देवाच्या क्षमेच्या तुलनेत पाहावी, असे तो सुचवितो.

क्रुसावर असताना येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना केली, असे लूक सांगतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याची अखेरची प्रार्थनाही तशीच आहे.

पौलाची पत्रे

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात वाइटाची फेड वाइटाने न करण्याचा, सूड देवावर सोपविण्याचा आणि शत्रू भुकेला असल्यास त्याला खाऊ घालण्याचा उपदेश आहे. सर्वांशी शांततेने राहावे असे सांगताना, शक्य असेल तर आणि आपल्याकडून होईल तितके, अशी मर्यादा पौल घालतो. समेट दोन्ही बाजूंवर अवलंबून असतो, याची ही दखल आहे. इफिसकरांस पत्रात राग येणे आणि रागाच्या भरात पाप करणे यांत भेद केला असून सूर्य मावळेपर्यंत राग धरून न ठेवण्यास सांगितले आहे.

क्षमा, समेट आणि न्याय

ख्रिस्ती धर्मशास्त्रात आणि पाळकीय मार्गदर्शनात पुढील तीन संज्ञा सामान्यतः वेगळ्या ठेवल्या जातात.

क्षमा ही दुखावलेल्या व्यक्तीच्या अंतःकरणातील कृती आहे. समोरच्याने माफी मागितली नाही, तो दूर गेला अथवा मरण पावला, तरी ती करता येते. लूकच्या सतराव्या अध्यायात मात्र अपराध्याचा दोष त्याला दाखवावा आणि त्याने पश्चात्ताप केल्यास क्षमा करावी, असा क्रम आहे. त्यामुळे पश्चात्तापाशिवाय क्षमा पूर्ण होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

समेट म्हणजे तुटलेले नाते पुन्हा जुळणे. त्यासाठी एकाने क्षमा करणे पुरेसे नसते. दुसऱ्याने दोष कबूल करणे, शक्य असल्यास भरपाई करणे आणि वागणूक बदलणे आवश्यक असते. विश्वास पुन्हा निर्माण होण्यास वेळ लागतो.

न्याय म्हणजे अपराधाची सामाजिक वा कायदेशीर दखल. क्षमा करणारी व्यक्ती वैयक्तिक सूड सोडते. गुन्ह्याची चौकशी, शिक्षा आणि इतरांचे संरक्षण ही जबाबदारी समाजाची व शासनाची राहते.

अठराव्या शतकातील इंग्लिश बिशप जोसेफ बटलर यांनी १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत रागाचा बारकाईने विचार केला. अन्यायाविषयीचा संताप हा माणसाच्या प्रकृतीतच असून त्याला उपयोग आहे, मात्र तो सूडापर्यंत वाढू देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हणून तीवर टीका केली.

व्यवहारात क्षमा एका क्षणी पूर्ण होत नाही, याविषयी पाळकीय लेखनात बहुतांशी एकमत आहे. दुखावल्याचे स्वतःशी मान्य करणे, विश्वासातल्या व्यक्तीजवळ आणि प्रार्थनेत ते बोलणे, सूड न घेण्याचा निर्णय करणे, अपराध्यासाठी प्रार्थना करणे आणि आठवण पुन्हा उसळली की तो निर्णय नव्याने करणे, असा तिचा क्रम सांगितला जातो. आठवण राहणे हे क्षमा न केल्याचे लक्षण मानले जात नाही. रॉबर्ट एनराइट आणि एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी क्षमेच्या प्रक्रियेचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला. वर्दिंग्टन यांच्या आईचा खून झाला होता आणि त्या अनुभवाचाही त्यांनी आपल्या लेखनात विचार केला आहे.

उपासनेतील स्थान

प्रभूची प्रार्थना सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांत म्हटली जाते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी उपस्थित लोक एकमेकांना शांतीचे चिन्ह देतात, त्यामागे हाच विचार आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करण्याची शिकवण आहे. कॅथलिक पंथात पापनिवेदन हा सात संस्कारांपैकी एक असून कोकणी भाषक कॅथलिक त्याला कुमसार म्हणतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत महाउपवासाच्या उंबरठ्यावरील रविवारी एकमेकांची क्षमा मागण्याची रीत आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरा

भक्तिपरंपरेची पार्श्वभूमी

मराठी मुलखात क्षमेचा विचार ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून रुजलेला होता. पैठण येथे गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या संत एकनाथांवर एक मनुष्य वारंवार थुंकत राहिला आणि एकनाथ प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांना क्षमेसाठी नवी भाषा घडवावी लागली नाही. संतांची भाषा त्यांच्या हाताशी होती. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे कवी नारायण वामन टिळक म्हणत. त्यांनी ख्रिस्तभक्तीपर रचनेसाठी अभंगाचा छंद वापरला.

शरणपूर

नाशिक शहरातील शरणपूर ही वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने वसली. धर्मांतरामुळे घर व जात यांना पारखे झालेल्या लोकांना तेथे निवारा आणि कामधंद्याचे शिक्षण मिळे. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांनाही तेथे आश्रय देण्यात आला. येथे शिकलेल्या काही तरुणांना डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या आफ्रिका मोहिमेसाठी सोबत नेले. नाशिकचाच विद्यार्थी असलेला जेकब वेनराइट हा १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील लिव्हिंग्स्टन यांच्या अंत्यविधीस उपस्थित होता. प्राइस यांनी पुढे मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभारली आणि नाशिकहून गेलेले आफ्रिकन ख्रिस्ती तेथे स्थायिक झाले.

क्षमेच्या संदर्भात शरणपूरचे महत्त्व असे की, दुखावलेल्याला आधी सुरक्षित जागा द्यावी लागते, हे त्या वसाहतीच्या नावातच आहे. आश्रय देणे हाही दुखापतीला दिलेला ख्रिस्ती प्रतिसाद आहे आणि क्षमेच्या उपदेशाआधी तो येतो.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा जन्म नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर येथे झाला. त्यांचे पती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे काही शिक्षण नाशिकमध्ये झाले होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी उच्चवर्णीय घरातील धर्मांतर म्हणजे पत्नीच्या दृष्टीने पती जिवंत असताना संसार मोडणे होते. टिळक जातीबाहेर गेले. लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या आणि दोघांचा सुमारे पाच वर्षे वियोग झाला.

या प्रकरणात दोन्ही बाजू दुखावलेल्या होत्या. टिळकांना समाजाच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले. लक्ष्मीबाईंवर मात्र त्यांनी न घेतलेल्या निर्णयाचे परिणाम भोगण्याची वेळ आली. समेटही एकदम झाला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या, तेव्हा त्या हिंदूच होत्या आणि सोवळेओवळे पाळीत होत्या. त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांची वेगळी व्यवस्था ठेवण्यात आली. जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. मराठी आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान आहे. क्षमेच्या दृष्टीने या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यात टिळकांचा तापटपणा, लहरीपणा आणि संसाराविषयीची बेफिकिरी लपविलेली नाही. नातेवाइकांनी दिलेला त्रासही सांगितला आहे. हे सारे प्रांजळपणे आणि विनोदाने येते. त्यात कडवटपणा नाही आणि खोटे गोडवेही नाहीत. दुःखाची आठवण शाबूत ठेवून तिच्यातला डंख काढून टाकणे ही क्षमेची खूण मानली, तर 'स्मृतिचित्रे' हे तिचे मराठीतील एक उत्तम उदाहरण ठरते. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले आणि त्यातील बहुतांश अध्याय त्यांनी रचले. त्यांचे अखेरचे वास्तव्य नाशिकमध्ये होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे 'स्मृतिचित्रे'ची संपूर्ण आवृत्ती संपादित केली.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. ते पुढच्या वर्षी पुण्यास हलविण्यात आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठले. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरीकडे, स्वतःच्या बुद्धीने धर्मविचार करण्याच्या आग्रहामुळे रमाबाईंचे त्यांच्या इंग्लिश धर्मगुरुभगिनींशीही मतभेद झाले होते. तो पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे.

रमाबाईंनी या टीकेपुढे माघार घेतली नाही आणि समाजाकडे पाठही फिरविली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणून पुण्याजवळ केडगाव येथे त्यांचा सांभाळ केला. तेथील मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच छापले. दुखावणाऱ्या समाजाच्याच दुर्बळ घटकांची सेवा करणे, हे त्यांच्या प्रतिसादाचे रूप होते.

सद्यःस्थिती

नाशिक हे आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि रोमन कॅथलिक या दोन्ही पंथांच्या धर्मप्रांतांचे केंद्र आहे. कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. नाशिक रोड येथील बाळ येशू मंदिराच्या फेब्रुवारीतील वार्षिक यात्रेस देशभरातून भाविक येतात. त्यांत अन्य धर्मीयांचाही समावेश असतो.

भारतातील व जगातील अन्य उदाहरणे

मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये भोसकून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राणी मारिया यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. पश्चात्ताप झालेल्या या मारेकऱ्याची पुढे सुटका झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारिया यांना इंदूर येथे धन्यवादित घोषित करण्यात आले.

ओडिशातील मनोहरपूर येथे २२ जानेवारी १९९९ च्या रात्री कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे यांना जमावाने गाडीत जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि काही वर्षे बारीपदा येथील कुष्ठसेवेचे काम चालू ठेवले. न्यायालयीन प्रक्रिया स्वतंत्रपणे चालली. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा आणि कायद्याची शिक्षा एकाच वेळी असू शकतात, हे या प्रकरणातून दिसते.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व समेट आयोग नेमण्यात आला. तेथे पीडितांनी जाहीर साक्षी दिल्या. अत्याचार करणाऱ्यांना माफीसाठी संपूर्ण सत्यकथन करण्याची अट होती. आयोगाच्या नावात 'सत्य' हा शब्द 'समेट' या शब्दाच्या आधी येतो.

टीका आणि मर्यादा

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शे यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात, सूड घेण्याची ताकद नसणे यालाच क्षमा हे गोंडस नाव दिले जाते, अशी टीका केली. ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर असे की, ज्याच्या हाती सूडाची शक्ती आहे त्याने ती न वापरणे हीच बायबलमधील क्षमेची प्रमुख प्रतिमा आहे आणि योसेफ हे तिचे उदाहरण आहे.

दुसरी टीका ख्रिस्ती समाजाच्या आतून आली. क्षमेचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो आणि अन्याय करणाऱ्याला पश्चात्तापाचा उपदेश मात्र क्वचितच होतो, याकडे स्त्रीवादी आणि दलित धर्मशास्त्रज्ञांनी लक्ष वेधले. भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ आदींनी दलित धर्मशास्त्राची मांडणी केली. दलितांची वेदना हाच धर्मचिंतनाचा आरंभबिंदू असावा, अशी तिची भूमिका आहे. या दृष्टीने पाहता, जातीय अपमान सोसणाऱ्याला क्षमा शिकविण्याआधी मंडळीने स्वतःतील जातिभेदाची कबुली देणे आवश्यक ठरते.

घरातील मारहाणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पतीला क्षमा करून घरी परत जा, असा सल्ला पीडित स्त्रीला दिला जातो, तेव्हा क्षमा आणि समेट यांची गल्लत झालेली असते. क्षमा केलेली व्यक्तीही धोक्याच्या जागेपासून दूर राहू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने पीडितेला संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागता येतो. तो मागणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अशा प्रकरणी क्षमेच्या नावाखाली मौन पाळणे बेकायदेशीर ठरते. अपराध मंडळीपासून लपवावा असे मत्तयच्या अठराव्या अध्यायातही सांगितलेले नाही. एकांतातील संवादाने काम न झाल्यास तो उघड करावा, असाच तेथील क्रम आहे.

या टीकेमुळे अलीकडील ख्रिस्ती लेखनात क्षमेची मांडणी अधिक सावधपणे होऊ लागली आहे. पीडिताने केव्हा क्षमा करावी हे इतरांनी ठरवू नये, त्याला प्रथम सुरक्षितता आणि ऐकून घेणारी माणसे मिळावीत आणि सत्य बोलले जावे, यावर तीत भर असतो. एखाद्याने अजून क्षमा केली नाही म्हणून त्याला दोषी न ठरवता त्या वाटेवर त्याची सोबत करणे, हे मंडळीचे काम मानले जाते.